दोन्हीकडून सारखा दिसणारा नवरा

खांद्यावर ओझं घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा फोटोवाल्या काकूंनी ओझं म्हणजे नेमकं किती, असा घोळ घातला. डॉक्टरांनी काकूंचा लॅपटॉप हातात घेतला, दोन्ही हातांनी तो टेबलावर परत ठेवला आणि एवढं तर मुळीच नाही, असं सांगितलं.

काकू लोकांच्या घरी जाऊन फोटो काढतात आणि तिथंच सोफ्यावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, घरच्यांच्या देखत ते सुधारतात. मंडळी दोन्ही बाजूंनी रेलतात आणि पोट आत घ्या, टक्कल झाका, जाऊबाईंना जरा मागं सरकवा असल्या फर्माइशी सोडतात. हा गोंगाट नसला तर काकूंना काम केल्यासारखंच वाटत नाही. त्यांचं एक दुकानही आहे, पण ते दीर सांभाळतात. तिथं पासपोर्टचे फोटो निघतात आणि हसायला मनाई असते. हलका लॅपटॉप मिळाला नाही तर काकूंना तिथं जाऊन बसावं लागणार होतं. नुसत्या विचारानं त्यांचा दुसरा खांदाही दुखायला लागला.

म्हणून सुट्टीच्या दिवशी स्वारी विजेच्या वस्तूंच्या दुकानात लॅपटॉप बघायला थडकली. सोबत नणंद होती, कारण घरात नवी वस्तू आपल्याला न विचारता येते म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. नवऱ्याला मात्र नमुना म्हणून आणलं होतं. सकाळीच त्याचा फोटो काढून झाला होता. शर्टही तोच ठेवायला लावला होता. पडद्यावरचा नवरा आणि खरा नवरा शेजारी शेजारी ठेवून रंग ताडायचे, असा बेत होता.

दुकानातल्या विक्रेतीनं सगळ्यात हलका लॅपटॉप पुढं केला. काकूंनी तो एका हातानं उचलला आणि आत यंत्र भरलंय ना, अशी खात्री करून घेतली. भलामोठा फोटो झटक्यात उघडला. कानातला केसन् केस मोठा करून बघितला तरी लॅपटॉपनं हूं की चूं केलं नाही. काकू इतक्या हरखल्या की नवऱ्यानं खिशातून पाकीट काढलंसुद्धा.

पण खरी परीक्षा पुढंच होती. काकू दुकानातल्या बाकावर बसल्या. नणंदेला डावीकडे बसवलं, विक्रेतीला उजवीकडे, आणि फोटोतले हे कसे दिसतायत म्हणून विचारलं.

"दादा आजारी वाटतोय," नणंद म्हणाली.

"छे, किती गोरेपान आहेत," विक्रेती म्हणाली.

काकूंनी तो लॅपटॉप परत दिला. जुन्या लॅपटॉपचं दुखणं हेच होतं, बघणाऱ्याची बाजू बदलली की रंग बदलायचा. एका घरात सासू डावीकडे बसली होती आणि सून उजवीकडे. सुनेला उजळ केलं आणि मला काळवंडलं, असा ठपका ठेवून सासूनं काकूंना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मग एकामागून एक लॅपटॉप मांडीवर आले. कुणावर नवरा पिवळा पडला, कुणावर निळसर झाला. एकावर तो अगदी हुबेहूब दिसला, पण तो उचलताना काकूंचा खांदा करकरला. पाकीट केव्हाच खिशात परत गेलं होतं. शेवटी विक्रेतीनं कोपऱ्यातला एक राखाडी लॅपटॉप आणला. रंग उदास म्हणून कुणी त्याला हात लावत नाही, असं ती म्हणाली. तो पुठ्ठ्याच्या फाइलीइतका पातळ होता. काकूंनी फोटो उघडला.

"वहिनी, दादानं कानामागं कलप लावलाच नाहीये," नणंद म्हणाली.

विक्रेती जरा चाचरली. "हो. मलाही पांढरंच दिसतंय."

दुकानाचा रखवालदार मागून डोकावला आणि त्यानं डाव्या कल्ल्याकडेही लक्ष वेधलं. काकूंनी खऱ्या नवऱ्याचा कान धरून वळवला. तंतोतंत.

"अहो, सगळ्यांना दिसतंय," काकू आनंदानं जवळजवळ ओरडल्याच.

"मग बंद कर ना आता," नवरा कान सोडवत म्हणाला.

काकूंनी लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी दुखऱ्या खांद्याला लावली आणि दुकानाचा जिना वर-खाली केला. रखवालदार इमानदारीनं मागोमाग. खांद्यानं कुरकुर केली नाही. परत येऊन काकूंनी तिथंच बैठक मारली आणि नवऱ्याचा कल्ला काळा करायला घेतला. इस्त्री घ्यायला आलेलं एक जोडपंही येऊन रेललं. नणंद नाकाकडे बोट दाखवायला लागली. नवरा स्वतःच घुसून हनुवटीबद्दल सूचना द्यायला लागला. बिलाचं काय, हे विचारायचं विक्रेतीही विसरली.

इस्त्री घ्यायला आलेल्या बाईंनी हळूच विचारलं, "आमच्या घरी फोटो काढायला याल का हो? पण तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"येते की," काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "उद्या सकाळी चालेल?"