धुतलेली टाकी

जानेफळची रेणुका रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि आमच्या निवासी संस्थेत शिक्षिकेच्या मुलाखतीला आली. अध्यक्ष भगवंतरावांनी तिला वर्ग दिला नाही, वसतिगृहामागचं सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र दिलं. "तिथं कोणी टिकत नाही, ही टिकते का पाहू," असं ते आम्हा मास्तरांसमोर म्हणाले आणि आम्ही हसलो. हसायचाच पगार होता आम्हाला.

ती टिकली. पण मुलं दुप्पट झाली आणि केंद्रातल्या दोन टाक्यांना तेवढी घाण झेपेना. गढूळ पाणी उताराखाली शेत असलेल्या अन्नपूर्णाबाईंच्या मेथीत जाऊ लागलं. भगवंतरावांनी यावर उपाय शोधला तो कुंपणाची भिंत उंच करण्याचा. म्हणे, वास अडेल.

रेणुकेनं दुसरंच सुचवलं. घाण खाणाऱ्या जिवाणूंना चिकटून बसायला जागा हवी. आहे त्याच टाक्यांत प्लास्टिकच्या जाळीदार चौकटी सोडल्या की जिवाणू वाढतील, नवी टाकी नको. तिचं कोणी ऐकलं नाही. सहा महिन्यांनी अशा चौकटी विकणाऱ्या कंपनीच्या टाय घातलेल्या माणसानं हेच सांगितलं, तेव्हा भगवंतरावांना ते एकदम पटलं.

चौकटी बसल्या. दीड महिन्यात पांढऱ्या जाळ्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला आणि पाणी नितळ झालं. मग मुंबईहून कोणी बडे पाहुणे येणार असं ठरलं, आणि दोन दिवस आधी भगवंतराव नाकाला रुमाल लावून टाकीवर आले. एक चौकट वर ओढून पाहिली.

"काऊन वं रेणुका, नव्या मालाचे हे हाल? इतका मळ? सगळ्या धुऊन काढ."

"साहेब, मळ नाही हा. हाच तर जीव आहे टाकीचा. धुतला तं टाकी मरते."

"मले शिकवतं तू? पाहुण्यायले हे काळं दाखवू?"

रेणुकेनं लेखी आदेश मागितला. भगवंतरावांनी उत्तर म्हणून चार शिपाई पाठवले. ब्लीचिंग पावडर आणि ब्रश घेऊन त्यांनी पहिल्या टाकीच्या चौकटी लख्ख पांढऱ्या केल्या, पावडरीचं पाणीही टाकीतच ओतलं. दुसऱ्या टाकीच्या चौकटी उचलायची साखळी अडकली आहे, असं रेणुकेनं सांगितलं. ती अडकलेली नव्हती. खाली वाकून पाहायची तसदी कोणी घेतली नाही.

पाहुणे आले त्या सकाळी पहिली टाकी नासलेल्या अंड्यासारखी घाण मारत होती. फेस काठावरून उतरून अंथरलेल्या लाल गालिच्यावर आला होता. भगवंतरावांनी पाहुण्यांना झटकन दुसऱ्या टाकीकडे वळवलं आणि तिथलं पाणी काचेच्या ग्लासात धरून दाखवलं. पाहुण्यांनी विचारलं, "हा तपकिरी थर कशाचा?"

"हाच तर जीव आहे टाकीचा," भगवंतराव म्हणाले. "माझी कल्पना."

"मग ती पहिली का नासली?"

आम्ही सगळे बुटांकडे पाहू लागलो. रेणुका पुढे झाली. "धुतली, साहेब. परवा. अध्यक्षसाहेबांच्या सांगण्यावरून."

पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी रेणुकेची ग्रंथालयात पुस्तकं पुसायला बदली झाली. केंद्र एका शिपायाकडे गेलं. त्यानं आवाजाचा त्रास होतो म्हणून जिवाणूंना हवा पुरवणारा टाकीचा पंप दुपारभर बंद ठेवायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत दुसरी टाकीही गेली, वास भगवंतरावांच्या देवघरापर्यंत पोचला, आणि रेणुकेला बोलावणं आलं.

"माझ्या सहीबिगर टाकीले कोणी हात लावणार नाही, असं लिहून द्या," ती म्हणाली.

त्यांनी दिलं. शुद्धलेखनाच्या पाच चुका होत्या. रेणुकेनं लाल पेनानं त्या दुरुस्त केल्या, कागद परत त्यांच्यापुढे सरकवला आणि नव्यानं लिहून घेतला. मग शेजारच्या गावातल्या चालू केंद्रातून जिवाणूंचा गाळ टँकरनं आणून तिनं दोन्ही टाक्यांत सोडला. महिन्याभरात चौकटी पुन्हा तपकिरी झाल्या. अन्नपूर्णाबाई मेथीची जुडी घेऊन आल्या त्या थेट तिच्याकडे; आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.