फळ्यांमधली पातळ भर

लाकडी मचवे बंद पडले आणि बाबांचं काम गेलं. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून ते वर डांबर फासायचे. पुढे आईनं शाळेत खिचडी शिजवून मला शिकवलं.

आज जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये शेजाऱ्यानं कुंपणाला डांबर लावलं, तोच वास आला. २०१४ साली इथल्या लॅबमध्ये तळ्यात बुडालेल्या मालवाहू शिडाच्या जहाजाच्या फळ्या माझ्यापुढे होत्या. ते का बुडालं, तिथंच माझा प्रबंध अडला होता. मी बाबांना व्हिडिओ कॉलवर फट दाखवली.

"भर किती पातळ आहे बघ. ओल्या फळीत ठोकलीय लेकाच्यांनी! फळी सुकली की फट उघडणार, माल भरून जहाज खाली बसलं की त्या फटीतून पाणी आत."

"बाबा, शंभर वर्षं झाली त्याला."

"म्हणून काय झालं? घाई ती घाईच."

मी हसले होते. बाबा आता नाहीत. त्या फळीवरून त्यांचा हात एकदा फिरायला हवा होता.

तपासणीत त्यांचंच खरं निघालं. घरातली पहिली पदवीधर मी, डॉक्टर झाले. प्रबंधात बाबांचं नाव आहे, कारागीर म्हणून.