पाय चिखलातच ठेवून पाहिलेला ठसा

चाळिशीत पीएच.डी. करणाऱ्या अकोल्याच्या प्राध्यापकाला दोन गोष्टींचा तोरा असतो: अमरावतीला विद्यापीठात ‘काम’ असण्याचा आणि ते काम कुणालाच न कळण्याचा. माझ्याकडे दोन्ही भरपूर होतं. नव्हता तो वेळ. शेवटची वाढवून मिळालेली मुदत मेअखेर संपत होती. तोवर प्रबंध गेला नाही तर सगळी वर्षं पाण्यात.

विषय सांगतो, घाबरू नका. काही रेणू जोडीनं असतात, डाव्या-उजव्या पायांसारखे. सगळं तेच, फक्त आरशातलं. ते ओळखायला प्लास्टिकसारखं एक बहुलक करायचं. डाव्या रेणूभोवती ते घट्ट होऊ द्यायचं, मग रेणू धुऊन काढायचा. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात डावा पाय रोवावा, चिखल वाळला की काढून घ्यावा, तसं. त्या ठशात डावाच पाय नीट बसतो, उजवा अवघडतो. म्हणून डाव्या-उजव्यांचं मिश्रण ओतलं की डावे अडकतात आणि द्रावणात उजवे जास्त उरतात. एवढंच. यावर मी स्टाफरूममध्ये तास तास बोलत असे.

धुण्याला मात्र दिवस लागतात. गरम द्रावक सतत फिरत राहतो आणि त्याची वाफ थंड करायला वरच्या नळीभोवती पाण्याची धार लागते. उन्हाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस नळ येत नाही. निवृत्तीला टेकलेले आमचे प्रयोगशाळा परिचर ती धार मोरीत जाताना पाहून म्हणाले, “सर, पानी कायले सांडून राहिले? ड्रमात कूलरचा पंप टाका, तेच पानी फिरवा.”

“काका, हे संशोधन आहे. कूलर नाही.”

“हाव ना. कूलर थंडं तरी करते.”

दुसऱ्या दिवशी टाकी संपली. मी धुणं अर्ध्यात थांबवलं आणि वहीत लिहिलं, ‘पूर्ण’.

मग मिश्रण ओतून मोजलं, तर उलटंच. द्रावणात डावेच जास्त. शहाण्या माणसाला शंका आली असती. मला शोध लागला. डाव्या ठशात उजवा पाय धरणारं बहुलक, जगात पहिलंच. सत्काराच्या शालीचा रंगसुद्धा मी ठरवला, आणि पेढे व बहुलकाची बाटली घेऊन अमरावतीला मार्गदर्शक बाईंकडे गेलो.

त्यांनी पेढा खाल्ला, आकडे पाहिले. “मिश्रण न घालता, नुसत्या द्रावकात घुसळलं होतं का हे?”

“नाही, मॅडम. त्यात काय सापडणार?”

“तुम्ही.”

तिथेच घुसळायला लावलं. कोऱ्या द्रावकातही डावा रेणू उतरला. नीट न धुतलेला माझाच रेणू पाझरत होता. पाय चिखलातच ठेवून मी ठसा तपासत होतो, वर पेढे वाटत होतो.

“मुदत संपतेय म्हणून मी प्रबंधावर सही करणार नाही,” बाई म्हणाल्या. “धुवा.”

ऐन मे महिन्यात घरच्या कूलरचा पंप काढून मी काकांपुढे ठेवला. ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. ड्रम भरला, पंप सोडला. कोऱ्या द्रावकात काही उतरेनासं होईपर्यंत धुतलं. मग द्रावणात उजवे जास्त उरले. फार नाही, प्रबंधापुरते. मुदतीच्या आदल्या दिवशी तो दाखल झाला.

“माह्या पंपाचं काय लिवलं?” काकांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं: “संशोधकाने पाण्याच्या पुनर्वापराची स्वतंत्र शीतन यंत्रणा विकसित केली.”

“म्हंजे आता ते तुमचंच झालं,” काका ड्रम उपडा करत म्हणाले. “मंग घरी नेऊन लावा. वयनीले उकडून राह्यलं असन.”