खून केला की केली?

ती घटना आठवली की आजही मला हसू फुटतं. त्या दिवशी मात्र आमच्या पोलीस ठाण्यात कुणाच्याच तोंडावर हसू नव्हतं.

वसईत पाचूबंदरच्या धक्क्यावर मासळी घ्यायला आलेल्या एका परगावच्या गिऱ्हाइकाने फोन केला. एक तरुण भावाचा खून केल्याचं ओरडत फिरतोय, अशी खबर. आम्ही त्याला ठाण्यात आणलं. थोरल्या भावाचा पत्ता नव्हता, मोबाईल बंद. तरुणाची आमच्याकडे आधीची नोंद होती. मानसिक आजारावर औषधं सुरू होती. पूर्वी एकदा चुकून दुसऱ्याच्या बोटीत चढला, मालक अंगावर धावून आला, तेव्हा याने त्याला वल्ह्याने मारलं होतं. आता अंग थरथरत होतं, शर्ट घामाने चिंब. विचारावं तर एकच उत्तर, "खून केली."

"साहेब, घामच सगळं सांगतोय. गुन्हा दाखल करून टाकू," हवालदार म्हणाले. माणूस भला, पण भारी घाईचा.

मी त्याच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "घाबरलं की शरीरात अॅड्रेनालिन उसळतं, चोराच्याही आणि सावाच्याही. याचं जरा जास्तच उसळतं आणि ओसरायला वेळ लागतो. आरडाओरडा झाला की हात उचलतो. आधी शांत बसू द्या."

गर्दी बाहेर काढली, पंखा लावला आणि समोर गप्प बसलो. मी साताऱ्याकडचा, इथली बोली अजून माझ्या कानात बसली नव्हती. बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, "सायब, पानी."

पानी! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इथल्या बोलीत 'ण'चा 'न' होतो. आणि खून 'केला' म्हणतात. 'केली' जाते ती खूण!

"कुठं केलीस रे खूण?"

"दादाचे बोटीवर. लाल रंगानं. सगल्या बोटी सारख्याच दिसतात. परत चुकलो तर परत भांडन होईल."

म्हणजे पोरगा आनंदाने सांगत फिरत होता! इतक्यात थोरला धापा टाकत आला. आगाशीच्या बाजारात गेला होता, मोबाईलचं चार्जिंग संपलेलं. सगळं ऐकून म्हणाला, "आरं, कालच रंगवली ना मी बोट!" आणि धाकट्याला मिठीच मारली. त्याने बाजारातून आणलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, अख्ख्या ठाण्याने खाल्ली. हवालदारांनी सगळ्यात जास्त.

घाम भीतीचा पुरावा असतो, गुन्ह्याचा नव्हे, हे मी तिथे शिकलो. पुढे कुणालाही प्रश्न विचारण्याआधी पाणी विचारत गेलो.

निवृत्तीनंतर वसईतच राहिलो. दर वर्षी बोट रंगवताना थोरला खुणेपुरती जागा सोडतो आणि धाकट्याच्या हातात ब्रश देतो. मी धक्क्यावर दिसलो की धाकटा लांबूनच ओरडतो, "सायब, या वर्साची खून केली!"

नवखी गिऱ्हाइकं दचकून माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, "छान केलीस!"