बाळंतिणीच्या खोलीची वाऱ्याची नळी

बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी गावी आलो, त्या वैशाखात माझी मोठी बहीण बाळंतपणासाठी अक्कलकुव्याहून माहेरी आली होती. मुलगा झाला होता. तिची खोली घराच्या पोटात. खिडकी नाही, दाराला गोधडीचा पडदा आणि कोपऱ्यात शेगडी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, हा आत्याचा कायदा. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिच्यापुढे वडीलही आवाज खाली घेत. बाळाचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. ताई पडद्याआडून म्हणाली, "भाऊ, तू इतला शिकना, काहीतरी कर ना. मन्हा जीव घाबरी ऱ्हायना."

मी शाळेत जावं म्हणून ताई शेतात गेली होती. माझी पदवी निम्मी तिची, असं मी आजही मानतो. तेव्हा काहीतरी करणं भागच होतं.

आमच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पश्चिमेचा वारा दुपारभर मोकाट असे. तिथे पत्र्याचं रुंद तोंड बसवायचं, त्याला वाळ्याचा ओला पडदा लावायचा आणि गार झालेली हवा नळीने ताईच्या खोलीत सोडायची, असा बेत केला. पत्रेवाल्याने रॉकेलचे डबे कापून नळी करून दिली. अडचण एकच. नळी स्वयंपाकघरातून, चुलीच्या डोक्यावरून जात होती. पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "भाऊ, भाकरीना वास येस. गार काही वाटत नई."

कापूस उष्णता अडवतो हे मला पाठ होतं, आणि कापसाला आमच्याकडे तोटा नव्हता. शेवटच्या वेचणीचा कापूस पडवीत पडून होता, सरकीसकट, म्हणजे आतल्या बियांसकट. तो नळीभोवती थापला, वरून गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीने आवळलं. आधी सरकी काढावी हे सुचलं नाही. पुस्तकातल्या कापसाला सरकी नव्हती.

हवा खरंच गार येऊ लागली. तेवढ्यात आत्या आली.

"हाई काय शे?"

"आत्या, बाहेरचा वारा..." मी जीभ चावली. "हाऊ वारा नई. हाई हवा शे."

"हवा अन वारा येगयेगळं शेतस का?"

मी तिला हवेचा दाब समजावून सांगितला. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि जुनं लुगडं नळीत कोंबलं. मग रोज मी लुगडं काढायचो आणि रोज ती ते परत कोंबायची. घामोळ्या होत्या तशाच होत्या.

वाळ्यावर ओतलेलं पाणी नळीच्या बाहेरून झिरपत कापसात मुरत होतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. आठवड्याभराने ताईने हाक मारली. खोलीतल्या नळीवर, गोणपाटाच्या विणीतून, कपाशीचे फिकट दुपानी कोंब डोकं वर काढून उभे होते.

वडील पोट धरून हसले. "इतलं शिकीसन शेवटले कापूसच पेरा ना! निंदाले कव्हय येऊ?" तण निंदायला कधी येऊ, हा प्रश्न त्यांनी दिवसभर ज्याला त्याला ऐकवला.

आत्या लुगडं घेऊन आली आणि वर बघत राहिली. आता नळी खाली येणार, असं मी धरून चाललो. तिने लुगडं खांद्यावर टाकलं आणि हात जोडले.

"बाळंतीणनी खोलीमा अंकुर फुटना, अन तुम्ही हसतस? शकुन शे हाऊ! कोनी हात लावाना नई!"

"मग लुगडं?" मी विचारलं.

"येडा व्हयना का? कोंबेसले हवा नको का?"

सरकी, ओल आणि ऊब यांचं शास्त्रीय कारण सांगायला मी तोंड उघडलं. ताईने बाजेवरून असं पाहिलं की ते मी तसंच मिटलं.

त्या दुपारी ताई आणि बाळ दोघंही गाढ झोपली. आत्या दारात बसून ओठांवर बोट ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करत होती. वाळा त्या उन्हात भराभर सुकायचा. मी बादली उचलून धाब्यावर गेलो.