राजाच्या गालांना हात लावू नये

समस्त पेडणे महालातील सुज्ञ नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, कोरगावच्या राजाचे दोन्ही गाल राज्यारोहणाला पंधरा दिवस उरले असताना सोलले गेले असून, त्यांना कोणीही, कितीही प्रेमाने, कसलेही औषध लावू नये.

ही दवंडी मी त्या वर्षी खरोखरच पिटवायला हवी होती. पिटवली नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

राजा म्हणजे मी. तेव्हा माझं वय सत्तावीस, लग्नाला एक वर्ष, आणि नोकरी तुयेच्या कारखान्यात. पण ही झाली पोटापाण्याची ओळख. खरी ओळख अशी की, देवळासमोर शिमग्यात होणाऱ्या आमच्या नाटकात मी सलग नऊ वर्षं भालदार होतो. हातात भाला, तोंडी एकच वाक्य : ‘महाराज, दूत आला आहे.’ नऊ वर्षांत नऊ दूत आले आणि मी सगळ्यांची वर्दी दिली. राजाचं काम एकाच माणसाकडे ठरलेलं होतं. त्या वर्षी तो खाणीवर ट्रक चालवायला डिचोलीला गेला, आणि नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी बोट माझ्याकडे केलं. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, पण त्यांचा जीव रंगपेटीत होता. माझा रिकामा झालेला भाला मामेभावाला मिळाला. हा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि त्याला राजाची भाषणं माझ्याआधी पाठ झाली होती.

आता गाल कसे सोलले ते सांगतो. दिवस ओल्या काजूंचे होते. बायको सावंतवाडीकडची, तिला ओल्या काजूगरांच्या उसळीची आठवण झाली. कोवळी काजूची बी मधोमध चिरून आतला गर काढायचा, हे काम आमच्याकडे लहान मूलही करतं, आणि लहान मूलही आधी हाताला तेल फासतं. कारण बीच्या सालीत जो चीक असतो तो कातडीला लागला की भाजल्यासारखा डाग उठतो.

“अहो, आधी हाताक तेल लावा,” बायको आतून म्हणाली.

मी लावलं. पुरेसं लावलं की नाही ते देव जाणे, कारण माझं लक्ष तिसऱ्या अंकात होतं. तिसऱ्या अंकात राजपुत्र मरतो. राजा विलाप करतो. मांडीवर सूप, सुपात बिया, हातात सुरी, आणि मी विलाप करत बसलो होतो. ‘अरे बाळा, ज्या हातांनी तुला खेळवलं…’ या वाक्याला मास्तरांनी सांगून ठेवलं होतं की, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून खाली ओढायचे. मी ओढले. चांगले दाबून ओढले. एकदा मनासारखं झालं नाही म्हणून दोनदा ओढले.

उसळ फार चविष्ट झाली होती, हे न्यायाच्या दृष्टीने नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी गाल लाल. तिसऱ्या दिवशी सूज, खाज, आणि डोळ्यांखालपासून जबड्यापर्यंत दोन्ही बाजूंना सारखे काळसर पट्टे. पाव घेऊन आलेल्या पोदेराने सायकलवरूनच विचारलं, “कोणी मारलां रे?” कोणी मारलं असतं तर बरं झालं असतं. मार खाल्लेल्या माणसाला कोणी औषध सांगत नाही, फक्त कारण विचारतात. मला मात्र प्रत्येकाने औषध सांगितलं.

सुरुवात आईने केली. नारळाच्या रसात हळद कालवून तिने वाटी पुढे केली.

“आई, आग होता गो.”

“होतलीच. हळदीन कधी कोणाचा वायट झालाहा?”

मी पिवळा झालो. ती हळद वाळली, ओढली गेली, आणि धुताना निघेना म्हणून आईने ती नारळाच्या काथ्याने घासून काढली. काथ्याने! मग शेजारची काकी भिरंडेल घेऊन आली. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल, फुटलेल्या टाचांवर रामबाण. टाच आणि गाल यांत काकीला काही फरक वाटत नव्हता. तिने ते कढत कढत चोळलं. सासूबाईंनी सावंतवाडीहून येणाऱ्या माणसाबरोबर चंदनाचं खोड पाठवलं. कारखान्यातल्या सोबत्याने गोरं करणाऱ्या मलमाची अर्धी ट्यूब दिली आणि म्हणाला, डाग जातात. मी प्रत्येकाला नाही म्हणत होतो आणि प्रत्येकाचं लावून घेत होतो. आमच्याकडे औषध नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. काकीचं लावलं आणि आतेचं नाही लावलं तर पुढची दोन चतुर्थी काढणं कठीण.

आणि मग पाचव्या दिवशी मामेभाऊ आला. हातात बाटली.

“दादा, हे बघ. फेणी. आत कापूर घातलोहा.”

“कशाक?”

“काजून दिला मरे, काजूच काढतला.”

आता हे वाक्य शांतपणे पुन्हा वाचा. काजूच्या बीने जे केलं ते काजूच्या दारूने उतरणार. मी शिकलेला माणूस, कारखान्यात मशीन बिघडलं तर तीन वेळा तपासल्याशिवाय हात न लावणारा. पण त्या क्षणी मला हा विचार इतका चोख वाटला, इतका आपला वाटला, की मी स्वतः कापूस मागितला. स्वतः बुडवला. सोललेल्या गालावर स्वतः ठेवला.

पुढची दोन मिनिटं मी काय केलं ते मला आठवत नाही. लोक सांगतात की मी विहिरीला तीन प्रदक्षिणा घातल्या. मास्तर रस्त्यावरून चालले होते, त्यांना वाटलं विलापाची तालीम चालली आहे. ते कुंपणावरून डोकावून म्हणाले, “आवाज छान लागलाय, पण शब्द कुठे गेले?”

बायकोने त्याच दुपारी मला बसमध्ये घातलं आणि पेडण्याच्या बाजारातल्या डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. बाईंनी चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, “काय काय लावलंत?”

बायकोने यादी सांगितली : हळद, नारळाचा रस, कोकमाचं तेल, चंदन, मलम, कापूर, फेणी.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “एवढ्यात सोलकढी झाली असती, आणि वर पाहुण्यांची सोय. चिकाने जेवढं केलं त्याच्या दुप्पट तुम्ही केलंय.”

“औषध काय देता?” मी विचारलं. खरं तर मला मोठं, महागडं, कडू काहीतरी हवं होतं.

“लावण्याचं थांबवणं, हेच निम्मं औषध. चेहरा गार, साध्या पाण्याने धुवायचा. साबण नाही. पुसायचा नाही, मऊ कापडाने टिपायचा. ओलसर असतानाच हे साधं, वास नसलेलं व्हॅसलिन, अगदी पातळ. दाढी बंद. उन्हात उघडं तोंड घेऊन फिरायचं नाही. साल सुटेल तशी सुटू दे, ओढायची नाही. सूज वाढली किंवा पू दिसला तर लगेच परत या. आणि कोणाचंही काहीही लावायचं नाही. आईचंसुद्धा.”

“नाटकाक रंग?” बायकोने विचारलं. मला विचारायचं धैर्य नव्हतं.

“किती दिवसांवर आहे?”

“दहा.”

“कातडी भरून येईल बहुतेक. पण रंगाचं मी आज सांगणार नाही.”

वाचकहो, औषध लावणं सोपं असतं. न लावणं म्हणजे लढाई. घरी परतलो तर ओसरीवर चार जणी वाट बघत बसलेल्या. डॉक्टरने काय दिलं, तर पाणी, हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर जी दया आली, ती मी विलापात वापरायला हवी होती. “पाणी? पाण्यान काय होता?” बायको दारात उभी राहायची आणि वाट्या परत पाठवायची. सासरी येऊन जेमतेम वर्ष झालेल्या मुलीने काकीची वाटी परत पाठवायची, हे तिने माझ्यासाठी केलेलं सगळ्यात धाडसी काम. एकदा दुपारी डोळा लागला होता, तर गालावर काहीतरी गार सरकलं. उठून बघतो, आई बोटावर कोरफड घेऊन ओणवी.

“आई!”

“मी काय करूक नाय. माशी हाकलत होतंय.”

भर फाल्गुनाच्या उन्हात मी छत्री घेऊन तुयेला जाऊ लागलो. बसमधले विचारायचे, पाऊस खंय पडलो? हसलं की गाल ओढले जायचे, म्हणून मी हसणं सोडलं. आणि रोज संध्याकाळी मामेभाऊ यायचा, लांबून गाल निरखायचा आणि काळजीने विचारायचा, “दादा, आज कसा आसा? नाय म्हणजे, माका सगळा पाठ आसाच.” तो वाईट नव्हता. तोच तर त्रास होता. वाईट असता तर मला रागावता आलं असतं.

तालमीत मात्र एक चमत्कार झाला. गाल हलवता येत नव्हते, म्हणून मी नुसता उभा राहून बोलायचो. तिसऱ्या अंकानंतर मास्तर वही मिटून जवळ आले. मग म्हणाले, “आज पहिल्यांदा तू तोंडाने अभिनय करत नाहीयेस. फार बरं वाटलं.”

पाण्याच्या उपचाराच्या आठव्या दिवशी साल आपोआप गळाली. खालून गुलाबी, नवी कातडी. दाढीही छान वाढली होती, राजाला शोभेल अशी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रंगाचा थोडासा ठिपका कानामागे लावून बघा, एक दिवस थांबा. मास्तरांनी सफेद्याचा ठिपका लावला. दिवस कसला, तासाभरात तिथे लाल चट्टा.

प्रश्न आता सरळ होता. आमच्याकडे बिनरंगाचा माणूस नाटकाच्या मंचावर चढत नाही. पडदा उघडण्याआधी रंगपेटी देवासमोर ठेवतात, नारळ वाढवतात, आणि पहिलं बोट राजाच्या गालावर ओढतात. त्यानंतर बाकीचे रंगतात. राजालाच रंग नाही, तर नाटकच नाही. आणि रंग चालणारा राजा, सगळं पाठ असलेला, भाला घेऊन शेजारी उभा होता.

तालमीहून मास्तर मामेभावाला घेऊन आमच्या ओसरीवर आले, अवघडून बसले. “यंदा भावाला करू दे,” ते म्हणाले. “तुझा चेहरा बिघडला तर मला सहन होणार नाही. पुढच्या वर्षी तू.”

पुढच्या वर्षी! मला नऊ पुढची वर्षं दिसली. मी काही बोलणार, तोच स्वयंपाकघरातून आई आली. हळदवाली, काथ्यावाली, कोरफडवाली तीच आई.

“मास्तर, देवाक रंग व्हयो मा? मुकुटाक लावा. माझ्या झिलाच्या तोंडाक कोणी हात लावूचो नाय.”

मास्तरांनी वर बघितलं. मामेभावाने भाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि सुस्कारा सोडून म्हणाला, “आते म्हणता ता बरोबर.”

आणि तसंच झालं. नारळ वाढवला, पहिलं बोट मुकुटावर ओढलं, आणि तो मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला. बाकी सगळे रंगले. सेनापती लालभडक, प्रधान पांढराफटक, राणीच्या गालांवर दोन डाळिंबं, भालदाराला भुवया इतक्या जाड की त्या भुवयाच वर्दी देतील. मी एकटा उघड्या तोंडाने.

पडदा उघडला. दिव्यांचा लख्ख झोत आला. सगळा गाव माझ्या बिनरंगाच्या तोंडाकडे बघत राहिला. मी सिंहासनापर्यंत चाललो, वळलो आणि पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. इतक्यात पहिल्या रांगेत चटईवर बसलेली काकी शेजारणीला कोपर मारून, मांडावर जमलेल्या साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली :

“अगो बघ गो, ह्या सगळ्यांत एकलोच माणूस दिसता!”