पात्र सरकलंय, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोटच्या लेकींपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलते आहे — ते मला नीट सांगता यायचं नाही.

माझं सासर गंगाखेडच्या वरच्या अंगाला, गंगेच्या काठी. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. राज्य निजामाचं होतं आणि मी नवी नवरी होते. गावातून नदीच्या कडेकडेनं एक फार जुनी फरसबंद वाट महादेवाच्या देवळाकडे जायची. कुणी घातली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मोडत आली होती, फारसं कुणी जायचंही नाही. पण दगड असे झिजलेले, की धुक्यात अनवाणी चालताना वाटायचं — आपण चालतोय की वाहतोय?

घरात आत्याबाई होत्या, सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणी देवी आल्या आणि त्यांचे डोळे गेले. त्याआधी आईचं बोट धरून त्या या वाटेनं देवळात गेल्या होत्या. पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढून गाभाऱ्यात येते, देवाला न्हाऊ घालते — दळताना त्या मला सांगत, आणि गंगेच्या ओव्या म्हणत. एकदा म्हणाल्या, "सूनबाई, मला तिथवर ने गं. मग काय बी मागणार न्हाई."

संक्रांतीनंतरच्या एका जुम्म्याला निघालो. जुम्म्याला कचेऱ्या बंद. माझे यजमान परभणीला कचेरीत होते. सुट्टीला सकाळच्या गाडीनं घरी यायचे. आत्याबाई पायांनी एकेक दगड चाचपत होत्या. मध्येच थांबायच्या, पाण्याचा आवाज ऐकायच्या, हसायच्या. मी मात्र ऊन कुठवर चढलं ते पाहत होते. देऊळ लांब होतं. ते येतील, आणि मी दारात नसेन —

मग मी काय केलं? "म्होरं चिखल हाय," म्हणाले आणि त्यांना शाळूच्या रानात वळवलं. तिथं एक पडकी, कोरडी बारव होती. पायऱ्यांची जुनी विहीर, दुसरं काही नाही. तिच्या कोरीव दगडावर मी त्यांचा हात ठेवला.

"आलं देऊळ."

त्यांनी बेल वाहिला. कपाळ टेकलं. मग कान देऊन उभ्या राहिल्या — किती तरी वेळ.

"गंगा कुठं गेली गं? आवाज येईना."

तेव्हा तरी खरं बोलता आलं नसतं का? मी म्हणाले, "पात्र सरकलंय, आत्याबाई. पाणी लय लांब गेलंय."

"मग देवाला न्हाऊ कोण घालायलंय?"

मी परतायला त्यांचा हात धरला. तशा त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "गावात बोलू नको. गंगेनं देवाला टाकलं म्हणतील लोक."

ते आले त्या दिवशी. मी दारातच होते. दिवसभर मी सुखात होते — हेच सांगायला सगळ्यात जड जातं.

आत्याबाईंनी जात्यावर गंगेची ओवी पुन्हा म्हटली नाही. सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाल्या, आता आठवत न्हाई.

पुढं श्रावणात, धुण्याला जाते असं सांगून मी एकटीच त्या देवळात गेले. गाभाऱ्यात घोटाभर पाणी होतं. कुणीतरी वाहिलेला बेल पिंडीभोवती संथ फिरत होता. घरी येऊन मी ओलं लुगडं दोरीवर टाकलं. आत्याबाई समोरच बसल्या होत्या.

त्यानंतर बरीच वर्षं त्या समोर होत्या. रोज सांगता आलं असतं.

शेवटच्या दुखण्यात घर भरलं होतं. त्यांनी चाचपत माझा हात धरला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "मला देवाला नेलं ते हिनंच." सगळे माझ्याकडे कौतुकानं पाहू लागले. आणि मी — गुणी सुनेसारखी मान खाली घातली.